घाबरलेला कुत्रा घरी आल्यावर : पहिल्यांदाच दत्तक घेणाऱ्यांसाठी

निवारा केंद्रातून आणलेला कुत्रा पहिल्या रात्री झोपतच नाही, ही तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. तो हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून पुन्हा दारापाशी येरझारा घालतो, पंखा जोरात चालू असूनही धापा टाकतो, वाटीतल्या चिकनला तोंड लावत नाही आणि कुणी जवळ गेले की सोफ्यामागे अंग चोरून बसतो. मोठ्या हौसेने त्याला घरी आणणारी माणसे दुसऱ्याच दिवशी ‘याला आमच्याकडे करमत नाही’ असे म्हणत केंद्राला फोन करतात. हा लेख अशा घरांसाठी, त्यातही पुण्या-मुंबईसारख्या शहरांत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि प्रथमच गावठी कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिला आहे. यातील बहुतेक सूचनांचा रोख एकच आहे : पहिले काही आठवडे आपण कमी करायचे आहे. कमी बोलायचे, कमी हात लावायचा, पाहुणे कमी बोलवायचे, आणि जे काही करू ते रोज त्याच वेळी व त्याच क्रमाने करायचे.

याचे कारण समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतात. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याजवळ भीतीवर एक हुकमी उपाय असतो, तो म्हणजे लांब जाणे. अनोळखी माणूस आला, दुसऱ्या टोळीचा कुत्रा दिसला, फटाका वाजला, की तो तिथून निघून जातो. दोन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये हा उपाय त्याच्याकडून काढून घेतला जातो, आणि त्याच वेळी अनोळखी माणसे, वास व आवाज यांचा त्याच्यावर मारा सुरू होतो. येरझारा घालणारा कुत्रा खरे तर बाहेर पडायची वाट शोधत असतो. लांब जाण्याची मुभा त्याला घरातल्या घरात परत मिळवून देणे, हे आपले पहिले काम आहे.

आणण्यापूर्वी

घरातील सर्वांत कमी वर्दळीचा कोपरा निवडावा. मुख्य दार, टीव्ही आणि स्वयंपाकघर यांपासून तो दूर असावा आणि शक्यतो तीन बाजूंनी बंद असावा. टेबलाखाली जुनी गोधडी अंथरून वरून दोन बाजूंनी चादर सोडली तरी उत्तम जागा तयार होते. या जागेचा नियम घरातील प्रत्येकाने, लहान मुलांनीही, कटाक्षाने पाळायचा असतो : कुत्रा तिथे असताना त्याला हात लावायचा नाही, बोलवायचे नाही, वाकून पाहायचेही नाही.

गुळगुळीत फरशीचा विचार सहसा कुणी करत नाही. मातीवर आणि डांबरावर चाललेल्या कुत्र्याचे पाय व्हिट्रिफाइड टाइलवर घसरतात, आणि घसरण्याच्या भीतीने तो एका जागी खिळून राहतो. त्याच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंज्या, रबरी पायपुसणी किंवा जुन्या योगा मॅट टाकून वाट करून द्यावी. बाल्कनीला जाळी नसेल तर तिचे दार बंद ठेवावे, कारण बिथरलेला कुत्रा उंचीचा अंदाज न घेता उडी मारतो.

केंद्रातून निघताना त्याचे लसीकरणाचे कागद घ्यावेत, तो तिथे काय आणि किती वाजता खात होता ते लिहून घ्यावे, आणि त्याच्या अंगाखालचे एखादे फडके न धुता सोबत आणावे. एका कानाच्या टोकाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे.

घरी आणण्याचा दिवस

गणेशोत्सव, दिवाळी, घरातले लग्नकार्य असे दिवस टाळावेत. सलग दोन-तीन दिवस कुणीतरी घरी असेल असा आठवडा निवडावा, आणि त्या दिवसांत आपली नेहमीची दिनचर्या फारशी मोडू नये.

कुत्रा हरवण्याचा धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, आणि तो प्रामुख्याने गाडीचे दार उघडतानाचा, इमारतीच्या फाटकातला आणि घराच्या दारातला असतो. म्हणून छातीमागे पोटाभोवतीही पट्टा असलेला हार्नेस आणि वेगळा गळपट्टा असे दोन्ही घालावे, दोन्हींना स्वतंत्र दोरी लावावी, आणि घराचे दार आतून बंद झाल्याशिवाय एकही दोरी सोडू नये. फोन नंबर कोरलेला बिल्ला केंद्रातून निघतानाच गळ्यात असावा. लिफ्टला तो बिचकत असेल तर ओढू नये. जिन्याने न्यावे किंवा, तो उचलू देत असेल तर, उचलून न्यावे.

दारात ओवाळण्याची, शेजारच्यांना बोलावण्याची हौस मी समजू शकते, पण ती दोन-तीन आठवडे पुढे ढकलावी. अंघोळही पुढे ढकलावी. अंगाचा ओळखीचा वास हीच त्या दिवशी त्याच्याजवळ असलेली एकमेव जुनी गोष्ट असते. गोचिडांसाठी डॉक्टर मानेवर लावायचे औषध किंवा गोळी देतात, त्यासाठी अंघोळीची गरज नसते.

पहिले तीन दिवस

कुत्र्यांसोबत काम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ अंदाज प्रचलित आहे : पहिला धक्का ओसरायला ३ दिवस, दिनक्रम समजायला ३ आठवडे, आणि घर आपले वाटायला ३ महिने. फार घाबरलेल्या कुत्र्याला यापेक्षा बराच अधिक काळ लागतो, तरीही हा अंदाज उपयोगी आहे, कारण तो माणसांची घाई आवरतो.

या दिवसांत त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे आणि आपले काम करावे : वाचावे, भाजी निवडावी. थेट डोळ्यांत पाहू नये, वरून वाकू नये, डोक्यावर हात नेऊ नये. खाऊ हातात धरून ‘ये, ये’ करण्याचा मोह होतो, आणि नवशिके सर्वांत जास्त इथेच फसतात. भुकेमुळे तो पुढे येतो, पण आल्यावर आपण माणसाच्या फार जवळ आहोत हे त्याला जाणवते आणि तो दचकतो. असे वारंवार झाले तर खाऊ दिसला की सावध व्हायचे हेच तो शिकतो. त्याऐवजी उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा त्याच्या पलीकडे, आपल्यापासून दूर टाकावा. तुकडा घेण्यासाठी तो लांब जातो, लांब गेल्यामुळे त्याला सुटल्यासारखे वाटते, आणि मग पुढच्या तुकड्यासाठी तो स्वतःहून थोडा जवळ येतो. जवळ येण्याचा निर्णय त्याचा असतो, म्हणून तो टिकतो.

जेवण केंद्रात मिळत होते तेच ठेवावे आणि बदलायचे असल्यास आठवडाभरात थोडे थोडे मिसळत बदलावे. वाटी ठेवून खोलीतून निघून जावे. पहिला दिवस न खाता जाऊ शकतो. मोठा कुत्रा दोन दिवस काहीच खात नसेल, किंवा पिल्लू काही तास जरी मलूल होऊन अन्न नाकारत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुके आणि चॉकलेट कुत्र्यांसाठी विषारी आहेत. आपल्या घरची उरलेली आमटी-भाजी कांदा-लसणाशिवाय क्वचितच असते, म्हणून ती देऊच नये.

रात्री कुणीतरी त्याच खोलीत, पण त्याच्यापासून अंतर ठेवून, झोपावे आणि मंद दिवा राहू द्यावा. मोठे कुत्रे दिवसाकाठी साधारण १२ ते १४ तास झोपतात. नव्या घरात त्याच्या निम्मीही झोप होत नाही, आणि अस्वस्थतेचा बराचसा भाग केवळ थकव्याचा असतो. दुपारी पडदे ओढून, घर शांत करून त्याला निजण्याची संधी दिल्यास संध्याकाळची येरझार बऱ्याचदा कमी होते.

माझ्याकडे तात्पुरती राहायला आलेली चिंगी नावाची तपकिरी कुत्री जेवणाच्या टेबलाभोवती गोल गोल फिरत असे, आणि बसलीच तर चारही पाय अंगाखाली घेऊन, केव्हाही उठता येईल अशा बेताने. एके दुपारी तिने मागचा भाग एका बाजूला कलता केला, एक मागचा पाय मोकळा सोडला आणि हनुवटी सतरंजीवर टेकवली. कंबर अशी कलती करून बसलेल्या कुत्र्याला झटकन पळता येत नाही, म्हणजेच पळावे लागणार नाही असे तो मानू लागलेला असतो. शेपूट हलण्याची वाट पाहणाऱ्यांनी त्याआधी या खुणेची वाट पाहावी.

त्याचे म्हणणे ओळखणे

झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर अन्न नसताना ओठ चाटणे, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने पाहणे आणि त्यात बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसणे, पुढचा एक पाय उचलून थांबणे, अंग अचानक ताठ करणे, या सगळ्या ‘मला हे नको आहे’ असे सांगण्याच्या रीती आहेत. खाली घातलेली आणि वेगाने हलणारी शेपूटही आनंदाची नसते. या खुणा कुणी वाचल्या नाहीत तर तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही रागावू नये. चावण्याआधी पूर्वसूचना देणारा कुत्रा सुरक्षित असतो. मार किंवा ओरडा खाऊन ज्याची गुरगुर बंद झाली आहे, तो पुढच्या वेळी थेट चावू शकतो.

त्याने स्वतःहून अंग टेकवले तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला साधारण ३ सेकंद हात फिरवावा आणि थांबावे. तो आणखी सरकला तर पुढे चालू ठेवावे, तोंड फिरवले तर हात मागे घ्यावा. मुलांना ही पद्धत खेळासारखी शिकवता येते आणि ती मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे. तरीही लहान मूल आणि नवा कुत्रा यांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये.

भीतीचे प्रसंग साचत जातात, हेही ध्यानात ठेवावे. सकाळी डॉक्टर, दुपारी गॅसवाला, संध्याकाळी पाहुणे, असा दिवस गेल्यावर रात्री ताटली पडल्याच्या आवाजाने तो अंगावर येऊ शकतो, आणि सगळे म्हणतात की विनाकारण केले. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस नवे काहीही घडू देऊ नये. घाबरलेला असताना जवळ आला तर त्याला खुशाल आधार द्यावा. धीर दिल्याने भीतीचे लाड होतात ही समजूत चुकीची आहे.

डॉक्टरांची भेट

प्रकृती ठीक दिसत असेल तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी न्यावे. अस्वस्थतेमागे दुखणे असू शकते : कानातला संसर्ग, खाज, जंत, जुनी हाडाची इजा. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास आढळतो. सुस्ती, ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. रेबीजची लस दरवर्षी, आणि पावसाळी भागात लेप्टोस्पायरोसिसची लसही वेळेवर द्यावी. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नये. त्याचा दात कुणाला लागला, तर लस दिलेली असली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि माणसांच्या डॉक्टरांचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

शी-शूची सवय

गावठी कुत्रे स्वच्छतेला फार लवकर शिकतात, फक्त त्यांना मातीची सवय असते आणि फरशी कशासाठी आहे हे माहीत नसते. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्यापूर्वी त्याच ठिकाणी न्यावे आणि काम झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यावा. घाबरलेला कुत्रा बाहेर पूर्ण वेळ रोखून धरतो आणि घरात आल्यावर मोकळा होतो. यात त्याचा खोडसाळपणा नसतो, बाहेर त्याला असुरक्षित वाटत असते. रागावल्यास तो लपून करायला शिकतो. जागा एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावी, म्हणजे वास राहत नाही.

कुकरची शिट्टी आणि इतर आवाज

रस्त्यावरच्या कुत्र्याला हॉर्न आणि ट्रक यांचे काही वाटत नाही, पण कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल आणि फ्लशचा आवाज यांनी त्याची गाळण उडते. यांपैकी शिट्टी चुकवता येत नाही, म्हणून तिच्यावर काम करण्याची पद्धत थोडी विस्ताराने सांगते. तीच बाकीच्या आवाजांना लागू पडते.

शिट्टीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करावा. कुत्रा शांत असताना, दुसऱ्या खोलीतून, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू तो वाजवावा आणि वाजून गेल्यावर लगेच चिकनचा तुकडा टाकावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग चिकन. उलट झाले तर चिकन दिसणे हीच धोक्याची सूचना ठरते. पाच-सहा वेळा करून थांबावे, पुन्हा संध्याकाळी करावे. आवाज झाल्यावर तो दचकण्याऐवजी तुमच्याकडे अपेक्षेने पाहू लागला, की आवाज किंचित वाढवावा. त्याने तुकडा उचलला नाही तर आवाज मोठा होता असे समजून मागे यावे. फार भ्यालेला कुत्रा आवडीचे अन्नही सहसा खात नाही, म्हणून ही मोजपट्टी उपयोगी पडते. हा सराव चालू असताना प्रत्यक्ष कुकर लावण्याच्या वेळी त्याला फिरायला न्यावे किंवा दूरच्या खोलीत पंखा व रेडिओ लावून बसवावे, नाहीतर सकाळची एक खरी शिट्टी आठवड्याच्या मेहनतीवर पाणी फिरवते.

केरसुणी, काठी, छत्री, वॉचमनचा दंडुका यांची भीती वेगळ्या जातीची असते, कारण तिच्यामागे बहुधा मार असतो. केरसुणी जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती खाऊ टाकावा आणि तिला हात लावू नये. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे आधी समजावून सांगावे, आणि त्या झाडत असताना कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

बाहेर फिरणे

दमवले की शांत होईल, या समजुतीने पहिल्याच आठवड्यात लांब फिरायला नेणे उपयोगाचे नाही. वीस मिनिटे एकाच शांत रस्त्यावर, दोन-तीन मीटरच्या सैल दोरीने, त्याला हवे तितके हुंगू देत चालणे, हे तासभराच्या घाईच्या चालण्यापेक्षा जास्त निवांत करते. वस्तीतल्या कुत्र्यांच्या टोळ्यांच्या हद्दी पाहून ठेवाव्यात आणि त्यांतून नेऊ नये. नवा गावठी कुत्रा त्यांना घुसखोर वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतर न्यावे, आणि तेव्हाही डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद ठेवता येते का ते पाहावे.

एकटे राहण्याचा सराव

पहिल्या आठवड्याच्या सुट्टीनंतर सगळे एकदम कामावर जातात आणि कुत्रा आठ तास एकटा पडतो. दार कुरतडणे, अखंड विव्हळणे, लाळेने ओली झालेली गादी हे बहुतेक वेळा याचेच परिणाम असतात. सराव दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अगदी थोडा सुरू करावा. प्रथम फक्त चपला घालून पुन्हा बसायचे. किल्ल्या उचलून ठेवायच्या. दार उघडून लावायचे. त्याने मान वर करणे सोडले की दाराबाहेर ५ सेकंद, मग १५, मग अर्धा मिनिट, मध्येच पुन्हा ५. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून त्याला पाहावे आणि तो बेचैन होण्याआधी परतावे. बेचैन झाल्यावर परतलो तर तो सराव ठरत नाही. जाताना दही किंवा भोपळ्याचा गर भरलेले रबरी खेळणे द्यावे, कारण चाटणे आणि चघळणे यांनी कुत्रे निवांत होतात. मात्र खेळणे तसेच पडून राहिले तर मुदत फार वाढवली असे समजावे.

सराव पक्का होईपर्यंत कुणीतरी घरी राहील अशी व्यवस्था लागते : आजी-आजोबा, शेजारी, कामाच्या पाळ्या, डेकेअर. ही व्यवस्था दोन-तीन महिने करता येणार नसेल, तर अतिशय घाबरट कुत्रा दत्तक घेऊ नये. त्याच केंद्रात निवांत स्वभावाचे कुत्रेही घराची वाट पाहत असतात. न्हाणीघरात कोंडून जाणे हा उपाय कधीच नाही.

सोसायटी आणि कागदपत्रे

पुणे, मुंबई यांसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा पुरावा लागतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. मात्र हा कागद भांडणात फडकवण्यापूर्वी शेजाऱ्यांना भेटून, सराव चालू आहे आणि काही आठवडे आवाज होईल, हे स्वतः सांगावे. कुत्रा खरोखरच सांभाळणे शक्य नसेल तर तो केंद्राकडेच परत द्यावा. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

औषधे, आणि पहिली दिवाळी

महिनाभर हे सारे करूनही तो नीट खात-झोपत नसेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा चावत असेल, तर पशुवैद्याशी औषधाबद्दल बोलावे. फ्लुओक्सेटिनसारख्या, चिंता कमी करणाऱ्या औषधांचा गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि त्यांच्यासोबत सराव चालूच ठेवावा लागतो. औषध देणे म्हणजे हार मानणे, असे वाटून घेऊ नये; भीतीने पछाडलेला मेंदू नवे काही शिकू शकत नाही.

दिवाळीची तयारी महिनाभर आधी करावी. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात संध्याकाळचे फिरणे साडेचारच्या आत उरकावे, दारे-खिडक्या लावून पडदे ओढावेत, आतल्या खोलीत कूलर किंवा पंख्याचा सलग आवाज ठेवावा, आणि घरातही त्याच्या गळ्यात बिल्ला असू द्यावा. फटाक्यांसाठी नुसती गुंगी आणणारे औषध मागू नये, कारण काही औषधांनी शरीर सुस्त पडते आणि भीती तशीच राहते. डॉक्टरांनी भीती कमी करणारे औषध दिले तर त्यांना विचारून त्याचा एक डोस फटाके सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या शांत दिवशी देऊन पाहावा, म्हणजे किती वेळाने परिणाम सुरू होतो, तो किती तास टिकतो आणि मात्रा कमी-जास्त करायची का, हे डॉक्टरांना वेळेत कळवता येते.